मारबत, बडग्या आणि बाकाबाई

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत वैनगंगेच्या कांठीं गोसीखुर्द हें गांव आहे. त्याचें नांव आतां धरणामुळें सर्वतोमुखीं झालें आहे; परंतु त्या धरणाकडे आम्ही शेवटीं वळूं. आरंभ करावयाचा तो त्या बाजूच्या एका जुन्या विधीपासून. वैनगंगेच्या खोऱ्यांत पोळ्याच्या दिवशीं दारापुढें पळसाच्या फांद्या, ज्यांस तिकडे मेढे म्हणतात, ठेवण्याची चाल आहे. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, उजाडतां उजाडतां त्या उचलून गांवाच्या शिवेबाहेर नेतात व तेथें टाकतात किंवा जाळतात. आणि नेतांना खोकला, ताप, रोगराई अशा एकेका पीडेचें नांव घेऊन ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देतात.

ह्या आरोळीची घडण लक्षांत घेण्यासारखी आहे. तींत पीडेचें नांव घालावयाची जागा मोकळी ठेवलेली असते, आणि ज्या वर्षीं जें जाचेल तें त्या जागीं बसतें. रोगराईच्या पंक्तीस अंमलदार व पुढारी ह्यांनीं येऊन बसावें, ह्यास ह्या घडणीमुळें कांहींच अडचण पडली नाहीं. नागपूर शहरांत ह्याच विधीचें रूपांतर मोठ्या मिरवणुकींत झालें असून तींत राज्यकर्त्यांची व पुढाऱ्यांची सोंगें दरवर्षीं निघतात. तींच तींच माणसें, तेच ते टोमणे, असा प्रकार त्यांत पुष्कळ असतो. ही निवळ कुटाळी आहे, कीं ह्यास उपरोध म्हणून कांहीं प्रतिष्ठा द्यावी, असा वाद त्यावरून नेहमीं निघतो. हा वाद केवळ आजच्या राजकारणाचा असता तर ह्या पृष्ठांत त्यास स्थान नव्हतें. परंतु ज्या मिरवणुकीवरून तो निघतो तिच्या मुळाशीं भोसल्यांच्या घराण्यांतील एका स्त्रीची निंदा आहे असें परंपरा सांगते, आणि त्या स्त्रीचें चरित्र समकालीन कागदांतून बऱ्याच अंशीं उभें करतां येतें. तेव्हां टोमणा आणि त्याचें मूळ हीं दोन्हीं एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्याची संधि येथें आहे, व ती संशोधकांनीं सोडूं नये असें आम्हांस वाटतें.

प्रथम दोन्ही पक्ष थोडक्यांत सांगतों. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, एकदां केला तो विनोद. तोच दरसाल उगाळला म्हणजे ती कुचेष्टा होते, व तिनें ना त्या माणसास शहाणपण येतें ना ऐकणारास. ह्या पक्षास समर्थांचा आधार घेतां येईल. विनोदाची आवड त्यांनीं दासबोधांत टवाळांकडे दिली आहे हें सर्वश्रुत आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्याच्या हातीं सत्ता त्याजपाशीं शिक्षेचीं साधनें अनेक. ज्याच्या हातीं कांहींच नाहीं त्याजपाशीं हें एकच. तेव्हां त्यानें तें किती वेळां वापरावें हें त्याला कोणीं शिकवूं नये. दोन्ही पक्षांचा दोष एकच आहे. एक पक्ष टोमण्याच्या आवृत्ति मोजतो, दुसरा टोमणे मारणाराचें दारिद्र्य मोजतो. टोमणा कोणत्या कृत्यावर आहे, आणि तें कृत्य करणारा अथवा पुढें चालविणारा आज अधिकारावर आहे काय, हें कोणीच पाहत नाहीं. आम्हीं तेंच पाहण्याचें योजिलें आहे.

नागपुरांत काळी मारबत इ. स. १८८१ (शके १८०३) पासून व पिवळी मारबत १८८५ (शके १८०७) पासून निघते, असें परंपरेनें सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारींतून निघते व ती तऱ्हाणे तेली समाजाची आहे. दोघींची भेट इतवारींत नेहरूंच्या पुतळ्यापाशीं होते, व ती पाहण्यास लोटणारी गर्दी विदर्भांत दुसऱ्या कोणत्याहि मिरवणुकीस क्वचितच होत असेल. काळी ही दुष्टतेची व पिवळी ही रक्षण करणारी, असा लोकांचा समज आहे. ह्यांशिवाय जे पुरुषाकृति पुतळे निघतात त्यांस बडगे म्हणतात. बांबू, कागद, चिंध्या हें त्यांचें साहित्य, आणि गळ्यांत किंवा छातीवर फलक. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, रस्त्यांची दुर्दशा असे विषय त्यांत येतात, व त्या त्या विषयास जबाबदार धरलेला पुढारीहि येतो. मिरवणूक संपली कीं त्यांचें दहन होतें. पुढील सालीं पुन्हा नवे.

काळी मारबत ही कोणाची आकृति, ह्याविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. एक, ती पूतना राक्षसी होय. दुसरें, व नागपुरांत अधिक बोललें जाणारें, ती बाकाबाई भोसले होय. तिनें इंग्रजांशीं संधान बांधून राज्य घालविलें म्हणून लोक तिची धिंड काढतात. कांहीं सांगणारे ह्यापुढेंहि जाऊन म्हणतात कीं, बायकोच्या ह्या करणीस नवऱ्यानें आळा घातला नाहीं म्हणून बडग्या हा तिचा नवरा.

हा शेवटचा भाग प्रथम घेऊं, कारण त्याचा निकाल तारखांनींच लागतो. बाकाबाई ही दुसऱ्या रघूजीची राणी. रघूजी १७८८ मध्यें गादीवर आला व २२ मार्च १८१६ रोजीं वारला. अडगांवच्या पराभवानंतर डिसेंबर १८०३ मध्यें देवगांवच्या तहानें त्याचा कटक व वऱ्हाड हा मुलूख गेला, तरी इंग्रजांची तैनाती फौज त्यानें मरेपर्यंत पतकरली नाहीं. म्हणजे ज्या पुरुषास बायकोच्या इंग्रजधार्जिण्या वागणुकीकडे कानाडोळा केल्याबद्दल दरवर्षीं जाळावयाचें, तो ती वागणूक सुरू होण्याच्या आधींच मेलेला होता, आणि जिवंत असतांना त्यानें इंग्रजांच्या फौजेस दार उघडलें नव्हतें. जिभेवर घोळलेल्या टोमण्याची ही गति असते. त्याला मूळ कृत्य आठवत नाहीं, फक्त शिवी आठवते.

आतां बाकाबाईविषयीं. रघूजीच्या मागून गादीवर आलेला परसोजी हा शरीरानें व बुद्धीनें दुबळा होता. कारभार कोणीं पाहावा ह्यावरून तट पडले. बाकाबाई व खासगीकडील धर्माजी भोसले हे एका बाजूस, आणि परसोजीचा चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आपासाहेब दुसऱ्या बाजूस. आपासाहेबानें धर्माजीस कैद करून कारभार हातीं घेतला, व आपली बाजू पक्की करण्यासाठीं मे १८१६ मध्यें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. हा तह रात्रीं, गुप्तपणें झाला. ह्या वेळीं बाकाबाईचा पक्ष आपासाहेबाच्या, म्हणजे तह करणाराच्या, विरुद्ध होता हें विसरतां कामा नये. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजीचा खून झाला व आपासाहेब राजा झाला. पुढें तोच इंग्रजांवर उलटला. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ (शके १७३९) रोजीं सीताबर्डीची लढाई झाली. तींत अपयश आलें. १८१८ मध्यें तो धरला गेला व वाटेंत निसटला. लोकस्मृतीनें सीताबर्डी लक्षांत ठेविली आणि १८१६ चा तह सोडून दिला. त्यामुळें आपासाहेब वीर ठरला व बाकाबाई घरभेदी ठरली. दोघांच्या वांट्यास आलेल्या ह्या पदव्या १८१६ सालच्या वर्तनावरून पाहतां उलट्या असावयास हव्या होत्या.

जून १८१८ मध्यें इंग्रजांनीं रघूजीच्या मुलीचा अल्पवयी मुलगा तिसरा रघूजी ह्या नांवानें गादीवर बसविला. बाकाबाईकडे राजवाड्याची व अज्ञान राजाची देखरेख आली. मुलकी कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स पाहूं लागला, तो १८२६ पर्यंत. येथें बाकाबाई इंग्रजांच्या आश्रयानें वागली ही गोष्ट निर्विवाद आहे. दुसऱ्या कोणाच्या आश्रयानें वागणें तिला शक्य होतें, ह्याचें उत्तर मात्र तिची निंदा करणाराकडून कधीं मिळालेलें नाहीं.

तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारला. डलहौसीनें दत्तक नाकारून १८५४ मध्यें राज्य खालसा केलें. नंतर वाड्यांतील सामान, जवाहीर, हत्ती, घोडे ह्यांची विक्री झाली, ती हकीकत केसारख्या इंग्रज इतिहासकारानेंहि खेदानें लिहिली आहे. त्यानेंच नमूद केलें आहे कीं, ऐंशीच्या घरांत आलेल्या बाकाबाईनें, वाड्यांतील सामान हलविलें तर वाड्यास आग लावीन, अशी धमकी दिली. सामान हललेंच, जवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. ही धमकी देणारी बाई नागपूरच्या मिरवणुकींत कोठें आहे? तिचें सोंग आजवर कोणीं काढलें नाहीं.

ह्यानंतर तीन वर्षांनीं, जून १८५७ मध्यें, टाकळीच्या रिसाल्यांतील लोकांचा उठावाचा बेत फसला. ह्या प्रसंगीं बाकाबाईनें आपलें सर्व वजन इंग्रजांच्या बाजूनें खर्चिलें, व मराठी मुलूख शांत राहण्यास तें कारण झालें, असें रसेलनें संपादिलेल्या १९०८ च्या नागपूर जिल्ह्याच्या गॅझेटियरांत म्हटलें आहे. ती १८५८ मध्यें वारली. तिच्या ह्या निष्ठेचा मोबदला म्हणून दत्तक घेतलेल्या जानोजीस इंग्रजांनीं पुढें देऊरचा राजाबहादूर हा किताब दिला. तेव्हां बाकाबाईवरील आरोपास काडीचा आधार नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. ज्यांनीं आपलें राज्य गिळलें व वाडा लुटला त्यांच्यासाठीं तिनें रदबदली केली, हें कृत्य तिच्या हातून झालें. त्याचें कारण वृद्धापकाळ, दत्तकाच्या मान्यतेची आशा, कीं सूडापेक्षां शहर वांचविण्याची बुद्धि, ह्यांवर मतभेद होऊं शकेल. कृत्यावर होऊं शकत नाहीं.

आतां ह्या कृत्याची तारीख व मारबतीची तारीख शेजारीं ठेवूं. कृत्य १८५७ चें, मृत्यु १८५८ चा, मिरवणूक १८८१ ची. तेवीस वर्षांपूर्वीं मेलेल्या, जिचे वंशज केवळ किताबापुरते राजे उरले होते, अशा बाईवर शहरानें एकाएकीं एवढें कां तुटून पडावें? आमचें अनुमान असें कीं, परंपरा खरी धरली तर, रोख बाकाबाईवर नव्हताच. १८७० मध्यें दंडविधानांत राजद्रोहाचें १२४ अ हें कलम घातलें गेलें होतें. १८७८ मध्यें देशी भाषांतील वृत्तपत्रांवर लिटननें निर्बंध लादले होते, ते रिपननें उठविले. इंग्रज सरकारास उघड शिवी देणें ज्यांस परवडत नव्हतें त्यांनीं इंग्रजांशीं मिळालेल्या मृत राणीस शिवी दिली. लेकी बोले सुने लागे, हा आपल्याकडील जुनाच मार्ग आहे. ह्या दृष्टीनें पाहतां १८८१ ची काळी मारबत हा उपरोध होता, कुटाळी नव्हे. कारण तिचा बाण ज्याला लागावयाचा तो सत्तेवर जिवंत होता, व ज्या कृत्याबद्दल तो सोडला, म्हणजे परकी अंमल, तें दररोज चालूं होतें.

परंतु १९४७ मध्यें सून घरांतून निघून गेली, आणि त्यानंतर लेकीस बोलणें तेवढें शिल्लक राहिलें. आज बाकाबाईचें नांव घेऊन जी आरोळी उठते तीस उद्देश नाहीं; ज्या बाईवर ती आहे तिचीं १८१६ व १८५४ चीं वर्तनें आरोळी देणारास माहीत नाहींत, तिचा नवरा केव्हां वारला हेंहि माहीत नाहीं. येथें आम्ही पहिल्या पक्षाच्या बाजूस जातों. ही कुटाळी आहे. त्यांत आणखी एक गोष्ट मिसळली आहे. पुरुषांचे बडगे दरवर्षीं बदलतात, कारण त्यांच्या अपराधांस नांव व साल असतें. स्त्रीची आकृति मात्र कायम तीच, आणि तिच्यावर सर्व रोगराई लादावयाची. पूतना, बाकाबाई, पटकी ह्या तिघींस एकाच देहांत बसविण्यास लोकांस कांहीं विचित्र वाटलें नाहीं, ह्याचा विचार व्हावा.

बाकाबाई एकटी नव्हे. रायगड १६८९ मध्यें मोंगलांच्या हातीं गेल्याबद्दल सूर्याजी पिसाळाचें नांव आज दगाबाजीचा पर्याय झालें आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत तें यशवंतराव चव्हाणांवर फेकलें गेलें, व त्यानंतर पक्षांतर करणाऱ्या प्रत्येकावर फेकलें जातें. फेंकणारांपैकीं वाईच्या देशमुखीचे कागद कितीजणांनीं पाहिले असतील? तसेंच ‘ध चा मा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव मारला गेला, हें खरें. परंतु ज्या पत्रांत आनंदीबाईनें अक्षर फिरविलें म्हणतात तें पत्र कोणाहि संशोधकानें छापलेलें नाहीं, आणि तरीहि शब्द फिरविणाऱ्या मंत्र्यास आपण आजहि त्याच वाक्प्रचारानें हिणवितों. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ह्याहून खेदकारक उदाहरण सांपडणार नाहीं: अस्सल कागद पेटींत पडून असतात, आणि न सांपडलेला कागद भाषेंत रूढ होतो.

ह्यावरून बडग्यांची योग्यता उलट बाजूनें दिसून येते. बडग्या वर्षाचा असतो. त्याचें कृत्य चालूं सालचें, त्याचा धनी जिवंत, बहुधा सत्तेवर, व वाटेल तर उत्तर देण्यास समर्थ. फलकावर काय लिहिलें आहे तें तो वाचूं शकतो. संध्याकाळीं पुतळा जळतो व त्याबरोबर हिशेबहि मिटतो. पुन्हा हिशेब काढावयाचा तर नवीन अपराध लागतो, निदान जुना अपराध अद्याप चालूं असावा लागतो. सर्वच बडगे ह्या कसोटीस उतरतात असें नव्हे. एखाद्याचें पोट, रंग, बोबडेपणा किंवा जात एवढ्यावरच जे उभारलेले असतात, ते शिमग्यांतील बोंबेच्याच योग्यतेचे. त्यांस आम्ही उपरोध म्हणणार नाहीं.

मग तोच टोमणा दहा वर्षें चालला तर? ह्या प्रश्नासाठीं आम्हीं गोसीखुर्द राखून ठेविलें होतें. ज्या नागनदीच्या कांठीं भोसल्यांचें नागपूर वसलें ती पुढें कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणांत अडते. म्हणून नागपूरचें सांडपाणी शेवटीं त्या जलाशयांत येतें. ह्या प्रकल्पास १९८३ मध्यें मान्यता मिळाली तेव्हां अंदाज ३७२ कोटि रुपयांचा होता. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्तें भूमिपूजन झालें. २००९ मध्यें त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टर जमीन भिजेल असा संकल्प होता. अंदाज सुधारतां सुधारतां अठरा हजार कोटींच्या वर गेला, आणि कालव्यांचीं कामें व गांव सोडावें लागलेल्यांच्या तक्रारी २००९ नंतरहि चालूंच राहिल्या. ह्या काळांत ‘पुढील सालीं पूर्ण’ ह्या अर्थाचें आश्वासन किती मंत्र्यांनीं दिलें हें मोजीत बसण्याचें कारण नाहीं. अशा ठिकाणीं जर कोणी एकच थट्टा वीस वर्षें करील, तर पुनरावृत्तीचा दोष थट्टा करणाराकडे येत नाहीं. कृत्यच दरसाल नव्यानें घडतें. टोमणा त्याच्या मागोमाग चालतो. आश्वासन देणारा थांबला म्हणजे टोमणाराहि थांबेल. न थांबला, तर त्या दिवसापासून त्यास आम्ही कुटाळ म्हणूं.

एक आक्षेप राहतो. बडग्या करणारा नांव सांगत नाहीं, म्हणून तो जबाबदारी टाळतो, असें म्हणतात. मारबत निघूं लागली त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८८२ मध्यें, कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्याविरुद्ध मजकूर छापल्याबद्दल टिळक व आगरकर ह्यांस चार महिन्यांची शिक्षा झाली, व त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. ज्या पत्रांवर त्यांनीं विश्वास ठेविला होता तीं बनावट ठरलीं. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे ह्यांनीं दहा वर्षें वक्रोक्तीनें लिहून, १९०८ मध्यें राजद्रोहाबद्दल एकोणीस महिन्यांची शिक्षा घेतली. नांवानिशीं लिहिणारांनीं किंमत दिली, हें त्यांचें मोठेपण होय. परंतु त्यांच्या लेखांचे अंक आपणांपाशीं आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या टोमण्यांत किती खरें व किती खोटें हें आज तपासतां येतें. बडग्याचें तसें नाहीं. पवनीच्या स्तूपास ज्यांनीं दान केलें त्यांचीं नांवें ब्राह्मी अक्षरांत दगडावर टिकून आहेत. पवनीहून थोड्या अंतरावर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं लोकांनीं कोणाकोणाचीं नांवें घेतलीं, ह्याचा कागदाचा कपटाहि शिल्लक राहत नाहीं. निनांवीपणाहून ही हानि आम्हांस मोठी वाटते. बाकाबाईच्या बाबतींत जें झालें तें १८८१ च्या फलकाच्या अभावींच झालें.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. पोथ्या व मोडी रुमाल ह्यांच्या बरोबरीनें बडग्याचे फलकहि गोळा करावे. पुतळा जाळूं द्यावा, तो त्याचा विधिच आहे. फलक मात्र दहनापूर्वीं मागून घ्यावा, न मिळाल्यास शुद्धलेखनाच्या चुकांसह हुबेहूब उतरून घ्यावा. खालीं मिती, साल, आळीचें नांव, कोणत्या कृत्यावरून तो लिहिला तें कृत्य, आणि त्या पुढाऱ्याचें त्या दिवशींचें अधिकारपद, एवढें अवश्य लिहावें. लिहिणाराचें नांव तो देईल तरच लिहावें. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली भागांतील दंडार व खडी गंमत करणाऱ्या मंडळींजवळ सोंगांच्या वह्या असतात, त्यांसहि हाच नियम लावावा. वैनगंगेच्या कांठच्या ज्या घरांस धरणामुळें उठावें लागलें त्यांजकडे प्रथम जावें. आणि ज्यांच्या घरीं भोसल्यांच्या खासगीकडील रुमाल असतील त्यांनीं त्यांतील १८१६ ते १८५८ पर्यंतचे, बाकाबाईचा उल्लेख असलेले कागद निराळे काढून त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. पत्राच्या पाठीवरील शेरे व शिक्के वगळूं नयेत.